कुंदाकाकूंचं संडासातलं कॅलेंडर

कुंदाकाकूंनी कुणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. नेदरलँड्समधल्या फेल्डहोवन गावात त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत होती, आणि इथल्या भिंती म्हणजे पुठ्ठा, पलीकडे कुणी शिंकलं तरी कळतं. पण चार वर्षांत त्या भिंतीतून मला फक्त शिलाई मशीनचा आवाज आला. त्यामुळेच लोक फसायचे. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. टाचण्यांमुळे बोलणं कमी आणि हसणं तर फारच जपून. बघणाऱ्याला वाटायचं, काय गरीब बाई आहे.

गरीब वगैरे काही नाही. इतकी खुनशी बाई मी आयुष्यात पाहिलेली नाही, आणि हे मी अत्यंत प्रेमाने लिहितेय.

मी लग्न करून नेदरलँड्समध्ये आले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, मैत्रिणी शून्य, दिवस लांबच लांब. दुकानातून जीन्स आणली तर ती माझ्यापेक्षा वीतभर लांब निघाली, कारण हा देश उंच लोकांचा. कुणीतरी म्हणालं, तुझ्या शेजारीच मराठी काकू आहेत, अल्टरेशन करतात. गेले. वरच्या मजल्यावरची खोली, खिडकीशी इंडस्ट्रियल मशीन, भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेली रिळं, दोरीवर लोकांच्या पँटी आणि प्रत्येकीला चिठ्ठी. मी एक्साइट झाले की तोंडाला येईल ते बोलते. म्हटलं, ''किती मस्त ना काकू, घरबसल्या वेळ पण छान जातो.''

''हो ना,'' काकू म्हणाल्या, आणि माझ्या पायाशी बसून टाचण्या लावायला लागल्या.

जीन्स झकास झाली. आम्ही मैत्रिणी झालो. मला तसं वाटलं तरी.

आता कॅलेंडर. इथे प्रत्येक घरात संडासाच्या दारामागे वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात वार नसतात, साल नसतं, नुसत्या तारखा, त्यामुळे एकच कॅलेंडर तीस-तीस वर्षं चालतं. बसल्या बसल्या कळतं की या आठवड्यात कुणाला शुभेच्छा द्यायच्या. काकूंच्या कॅलेंडरवर मांजरांची चित्रं होती. काही नावं निळ्या पेनात, काही लाल. मला वाटलं, लाल म्हणजे जवळची माणसं.

नोव्हेंबरात एक दिवस बघते तर त्या तारखेला लाल अक्षरात 'मारियान'. मारियान म्हणजे समोरच्या घरातली बाई. मला ओळखी वाढवायची इतकी हौस होती की मी दोन तासांत नारळाच्या वड्या केल्या, पेपर प्लेटमध्ये घातल्या आणि बेल वाजवली. मारियानने खोकत खोकत दार उघडलं. डोळे लाल, नाकाला रुमाल. मी तोंडभरून अभिनंदन केलं.

''माझा वाढदिवस एप्रिलमध्ये असतो,'' ती म्हणाली. वड्या मात्र ठेवून घेतल्या.

परत येताना माझ्याही लक्षात आलं की अख्खी गल्ली खोकतेय. काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी थंडीत सताड उघडी, आणि आत काकू कढईत सुक्या मिरच्या भाजतायत. त्यांना वड्यांचं सांगितलं. त्यांनी गॅस बंद केला, खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसायला लागल्या.

''अगं, तो तिचा वाढदिवस नाही. त्या तारखेला तिनं माझ्या पत्रपेटीत चिठ्ठी टाकली होती. तुमच्या स्वयंपाकाचा वास आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना लागतो म्हणून. मी नवी होते तेव्हा. रडले होते चार दिवस.''

''म्हणून तुम्ही...''

''मी काही करत नाही. वर्षाचा कांदा-लसूण मसाला तर करावाच लागतो ना? आम्ही इचलकरंजीचे. त्याशिवाय जेवण जात नाही. तारीख तेवढी मी ठरवली.''

किती वर्षं? एकोणतीस. एकही नोव्हेंबर चुकला नाही.

म्हणजे लाल नावं सगळी अशीच, अपमान करणाऱ्यांची. नावापुढे एखादा शब्द, मराठीत, म्हणजे डच पाहुण्यांना वाटावं आडनाव असेल. लोक तिथीला श्राद्ध घालतात तसं काकू अपमानाचं वर्षश्राद्ध घालायच्या. ''मी कुणाचं वाईट चिंतत नाही गं,'' असं त्या नेहमी म्हणायच्या. ''फक्त विसरत नाही.''

योस नावाचे एक हेडमास्तर होते. काकूंचे जुने गिऱ्हाईक. पहिल्याच दिवशी त्यांनी काकूंशी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं एकेक शब्द ओरडून बोलायला सुरुवात केली आणि वर विचारलं, तुमच्या देशात लोक पँट घालतात का? काकूंनी पँट घेतली, लांबी बरोब्बर केली आणि कमरेत अर्धा सेंटीमीटर आत घेतला. न सांगता. पुढच्या वर्षी त्याच सुमारास आणखी अर्धा. सगळ्या पँटींना. योस म्हणायचे, वय झालं, पोट सुटलं. अशी अकरा वर्षं गेली. मग एक दिवस ते ट्युलिप्स घेऊन आले. म्हणाले, मॅडम, तुमच्याकडे पँट दिली की मला कळतं की वजन वाढतंय, म्हणून मी सायकलिंग सुरू केलं. आता रोज तीस किलोमीटर. डॉक्टर म्हणतात, हृदय तरुण माणसाचं आहे.

काकू तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

''माझ्यामुळे तो मेला आता शंभर वर्षं जगणार,'' चौथ्या दिवशी मला म्हणाल्या.

मला हे सगळं प्रचंड आवडायचं. माझ्यासारखी माणसं तोंडावर भांडतात, मग माफी मागतात, मग घरी येऊन आठवतात की खरं काय बोलायला हवं होतं. मी चिडून आले की काकू टाचण्या काढून म्हणायच्या, ''घाई कसली? कापड कुठं पळून चाललंय?''

आता सुधाकरकाका. काकूंचे यजमान. एका मोठ्या मशीनच्या कंपनीत लेन्सेसचं काम करायचे, केसाच्या हजाराव्या भागाइतकी चूक शोधणारा माणूस. मोठ्या आवाजाचे, दिलदार, माझ्या सायकलचं पंक्चर काढून द्यायचे. त्यांच्याबद्दल मला राग नव्हता, हे आधी सांगून ठेवते. रिटायर झाले तेव्हा कम्युनिटी हॉलमध्ये पार्टी होती, साठेक माणसं, बटाटेवडे, भाषणं. कुणीतरी विचारलं, ''काकूपण काहीतरी करतात ना?''

काका माइकवरच होते. ''तिचं काय, टाइमपास. शिवते आपली दोन-चार पँटी.''

सगळे हसले. काकूपण हसल्या. काकांच्या अंगातला सूट त्यांनीच शिवलेला होता. त्या खोलीत बसून त्यांनी सव्वीस वर्षं काम केलं होतं, अर्ध्या फेल्डहोवनच्या पँटी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले आणि मुद्दाम संडासात गेले. मे महिन्यात नवी लाल ओळ होती. 'सुधाकर – टाइमपास'.

पण ते तर काहीच नव्हतं.

त्या हिवाळ्यात काकू भाचीच्या लग्नाला इचलकरंजीला गेल्या. काकांनी फोनवर विचारलं की आपण कुरासावला जाऊन राहायचं का. कुरासाव म्हणजे कॅरिबियनमधलं डच बेट, बारा महिने ऊन, समुद्र, इथले पुष्कळ लोक रिटायर होऊन जातात. काकू म्हणाल्या, ''बघू.'' बघू म्हणजे नाही. पहिलीतल्या मराठी पोराला कळतं की बघू म्हणजे नाही. काकांनी त्याचं हो केलं. काकू परत आल्या तोवर घर विकलेलं, तिकडे बंगली घेतलेली, आणि समुद्राच्या हवेत गंजेल म्हणून मशीन जुन्या वस्तूंच्या दुकानात देऊन टाकलेलं.

मी तेव्हा त्यांची बॅग घेऊन मागेच होते. खोली रिकामी. कार्पेटवर मशीनच्या पायांचे चार खड्डे. काकू त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या. खाली काका ओरडून सांगत होते की आता तुला खरा आराम, कुंदा. काकू जिन्यापाशी गेल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, ''अहो, चहा टाकू का?''



निघायच्या आधी त्यांनी मला कॅलेंडरचे फोटो काढायला लावले. पानं त्या स्वतः उलटत होत्या. ''तिकडे हवा दमट. शाई पसरली तर?'' जुलैनंतर त्यांनी दोन पानं एकदम उलटली. ''ऑगस्ट कोरा आहे, राहू दे.''

''काकांचं काय करणार?'' मी विचारलं.

''चारचौघांत बोलले होते. चारचौघांतच त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं. काम होतं ते, असं.''

''आणि नाही म्हणाले तर?''

कापडाचं उत्तर मला पाठ होतं, तरी त्यांनी ते दिलंच.

मग सुरू झाले व्हॉइस मेसेज. मी बसमध्ये, गारठलेली, कानात काकू. ''ऋचा, इथं सगळं छान आहे. रोज तीस डिग्री. काल तीस, आज तीस, उद्या तीस. वारा इतका की डोक्यावर पदर राहत नाही. हे सकाळी चड्डीवर पोहायला जातात आणि भाजलेल्या वांग्यासारखे परत येतात. इथं सगळे पुरुष चड्डीवर. सगळ्यांचं इलॅस्टिक. कमर म्हणून कुणाला राहिलेलीच नाही.''

त्यात दुःख होतं, खरंच. हत्यारच काढून घेतलं होतं त्यांचं. आणि दुसरी गोष्ट त्याहून वाईट झाली. नोव्हेंबरात एकदा त्यांचा फोन आला, आवाज अगदी बारीक. मारियानची तारीख उलटून गेली होती. आठवडा झाला होता.

''थंडी पडली की मला आपोआप कळायचं गं. धुकं, पाचोळा, अंधार लवकर, की आला मारियानचा दिवस. इथं काहीच होत नाही. उठावं, समुद्र बघावा, झोपावं. परवा मी यांच्याबरोबर व्हरांड्यात बसले होते आणि मला चक्क बरं वाटत होतं.'' थोडं थांबून म्हणाल्या, ''मला विसर पडायला लागलाय, ऋचा. मेचंसुद्धा विसरले तर?''

तेव्हापासून तारखा सांभाळायचं काम माझं. फोटो होतेच. प्रत्येक लाल तारखेच्या आदल्या दिवशी मी व्हॉट्सअ‍ॅप करायचे, नाव आणि शब्द. मेमध्ये पाठवलं, 'उद्या. सुधाकर – टाइमपास.' उत्तर आलं, 'आहे लक्षात. मिठाचं पाणी शाईला लागतं, मला नाही.'

त्यांचा जोर परत आला तो एका इग्वानामुळे. इग्वाना म्हणजे हातभर लांबीचा सरडा, तिकडे कुंपणावर सगळीकडे असतात. काकूंनी कुठून कुठून मिळवलेलं कढीपत्त्याचं रोप त्याने एका दुपारी देठासकट खाल्लं. कॅलेंडरवर नोंद झाली. काकू शुद्ध शाकाहारी, त्यांनी दगडसुद्धा मारला नाही. पण शेजारच्या ग्लॅडिसकडे इग्वानाचं सूप आवडीने करतात. ''मी काही केलं नाही,'' काकू म्हणाल्या. ''तो रोज किती वाजता कुठल्या भिंतीवर बसतो, तेवढं ग्लॅडिसला बोलता बोलता सांगितलं.''

ग्लॅडिसची अशी मैत्री झाली. ती कार्निव्हलच्या मिरवणुकीतल्या एका ग्रुपची मुख्य, आणि ग्रुपची शिवणारी बाई आजारी पडलेली. चाळीस पोशाख, टिकल्या, पिसं, झालरी. काकू एका सिंधी कापडवाल्याकडे गेल्या, हिंदीत घासाघीस करून त्याच्या गोदामातलं जुनं मशीन घेतलं, तेल घालून व्हरांड्यात मांडलं. रोज सकाळी सातला खडखड सुरू.

आणि काका? काका रिकामे. पोहून झालं, मासे बघून झाले, मसाल्यांच्या डब्यांवर एबीसीडीप्रमाणे लेबलं लावून झाली, फ्रिजचं माहितीपत्रक दोन भाषांत वाचून झालं. मग ते काकूंच्या मागे उभं राहून सूचना करायला लागले. काकूंनी एक दिवस त्यांच्या हातात शिवण उसवायचं छोटं हत्यार दिलं.

''बसा. एवढी एक बाही उसवा.''

काका बसले ते बसलेच. लेन्सवाला माणूस, टाका न् टाका मोजून उसवायचा. मग टिकल्या. कॅलिपर आणून दोन टिकल्यांमधलं अंतर मोजायला लागले. सकाळी सातला काकूंच्या आधी व्हरांड्यात हजर, दुपारचं जेवण तिथंच. काकू मला सांगायच्या, ''फार सुरेख करतात. मी सांगितलेलं नाही.''

एका शनिवारी दुपारी मी वरणाचा कुकर लावत होते, तर काकूंचा व्हिडिओ कॉल. ''फोन चालू ठेव, बोलू नकोस,'' एवढं म्हणून त्यांनी फोन व्हरांड्याच्या कठड्यावर टेकवला. तिकडे सकाळ. व्हरांडा बायाबापड्यांनी भरलेला, ग्रुपची ट्रायल. कोपऱ्यात काका, चष्मा नाकावर, मांडीवर सोनेरी झालर. ग्लॅडिसने ती झालर उचलून सगळ्यांना दाखवली आणि डचमध्ये विचारलं, ''कुंदा, तुझा नवरापण टेलर आहे का?''

काकूंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. एकेक. टाचण्यांच्या गादीला टोचल्या.

''छे छे,'' त्या म्हणाल्या, मोठ्याने, पार फाटकापर्यंत ऐकू जाईल असं. ''ते रिटायर आहेत. टाइमपास करतात. लावतात आपले दोन-चार टिकल्या.''

सगळे हसले. अगदी तसेच हसले.

काकांची मान वर झाली. कानापर्यंत लाल झालेले मला फोनवर दिसत होते. ते उभे राहिले, झालर छातीशी धरून, आणि मराठीत बोलले, म्हणजे समजणारी माणसं दोनच, एक काकू आणि कुकरसमोर उभी असलेली मी. ''टाइमपास काय, कुंदा? सकाळी सातपासून बसलोय मी. पाठ मोडून गेलीय. काम आहे हे.''

''असं होय,'' काकू म्हणाल्या. ''यांना कळलं नाही. डचमध्ये सांगा.''

काका डचमध्ये तेच बोलले. काम आहे हे. बोलता बोलता अर्ध्यात थांबले. सुईने बोट टोचल्यावर माणूस थांबतो तसे. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग काकूंकडे. इकडे माझ्या कुकरची शिट्टी झाली.

''तुझं मशीन मी विचारून द्यायला हवं होतं,'' ते हळूच म्हणाले.

''त्याची तारीख वेगळी आहे,'' काकू म्हणाल्या. ''बसा. अजून एकवीस पोशाख राहिलेत.''

मी स्वयंपाकघरात एकटी नाचले. वरण करपलं.

दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, दोघं इकडे आले आणि चार दिवस आमच्याकडे राहिले. काका बारीक झालेले, खिशात स्वतःची कात्री. काकू तशाच, फक्त रापलेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, ''तुझ्या त्या जीन्सची शिवण सुटलीय बघ पायाशी. दे, घालते टाका.'' दर वर्षीच त्यांना माझ्या जीन्सची काही ना काही शिवण सुटलेली दिसायची. मी लाडाने द्यायचे.

आइंडहोवन स्टेशनवर मी सोडायला गेले. काका दोन्ही बॅगा घेऊन पुढे चढले आणि काकूंसाठी खिडकीची जागा धरून उभे राहिले. काकूंनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. ''कॅलेंडर आहे. तिकडे पानं चिकटायला लागली. घरी जाऊन उघड.'' मग माझ्या कमरेकडे बघून म्हणाल्या, ''बसतेय ना गं जीन्स अजून?''

''बसते, पण घट्ट होते हल्ली. इथलं चीज, काकू. सोडलंय मी आता.''

''बरं केलंस,'' त्या म्हणाल्या. डब्याचं दार लागलं. काचेआड त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, टाचण्या असल्यासारखे. पण टाचण्या नव्हत्या. गाडी हलली तेव्हा मला दिसलं, बाई हसू दाबत होती.

घरी येऊन आधी ऑगस्ट काढला. कोरा नव्हता. काकूंच्या संडासात ऑगस्टभर जुलैचंच पान असायचं, ते आत्ता आठवलं. लाल अक्षरात एकच ओळ, 'ऋचा – वेळ जातो', आणि पुढे बरोबरच्या चार खुणा. तीन जुन्या, पसरलेल्या. एक ताजी.

चार खुणा, म्हणजे दोन सेंटीमीटर. मी दीड वर्ष चीज खाल्लं नव्हतं. जिमची मेंबरशिप घेतली होती.

आता ते मांजरांचं कॅलेंडर आमच्या संडासाच्या दारामागे आहे. काल मी लाल पेन आणलं आणि ऑगस्टमध्येच, माझ्या नावाखाली लिहिलं, 'कुंदाकाकू – जीन्स'. काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. घाई कसली.